पाण्याखालचे जिओकॅश आणि नोंदवहीचा नियम: पार्श्वभूमी

जिओकॅश म्हणजे एकाने लपवलेला आणि प्रसिद्ध केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून इतरांनी जीपीएसने शोधायचा डबा. स्कूबा डायव्हर्सनी पाण्याखाली लपवलेला असा डबा कोणाला सापडला असे म्हणायचे, हा वाद वरकरणी उपकरणांचा वाटतो, पण त्याचे मूळ जमिनीवर तयार झालेल्या एका नियमात आहे. डब्यातल्या नोंदवहीत नाव लिहिले असेल तरच तो डबा सापडला असे मानायचे, हा तो नियम होय. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी काढून टाकली. त्यामुळे शंभर मीटरच्या आसपासची अनिश्चितता दहा-वीस मीटरवर आली, आणि ३ मे रोजी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ ठेवलेल्या पहिल्या जिओकॅशच्या बादलीतच वही आणि पेन्सिल होती. त्याही आधी, १८५४ पासून, इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर बाटलीत आपले कार्ड ठेवून येण्याची प्रथा होती. कोरड्या जागी वही ठेवणे सोपे असते, आणि म्हणूनच हा नियम पुढे कोणालाही खटकला नाही.

पाण्याखाली पहिली अडचण जागा शोधण्याची येते. जीपीएसचे संकेत पाण्यात काही सेंटिमीटरही धडपणे जात नाहीत, त्यामुळे प्रसिद्ध केलेले अक्षांश-रेखांश फक्त पृष्ठभागावरच्या बिंदूचे असतात. तिथून पुढे खोली, होकायंत्राची दिशा आणि फिन्सचे (पायात घालायच्या पंख्यांचे) मोजलेले फटके एवढ्यावरच भिस्त असते. दृश्यमानता दोन-तीन मीटर असेल, तर रीळची दोरी एका जागी बांधून वर्तुळाकार शोध घ्यावा लागतो. जलाशयात आणखी एक पेच असतो. पाणी उतरले की जिओकॅशच्या वर्णनात दिलेली खोली चुकीची ठरते. म्हणून जाणते लपवणारे केवळ मीटरचा आकडा देत नाहीत, तर बुडालेली भिंत, पायरी किंवा बोयाची साखळी अशी पाण्यासोबत न हलणारी खूण आधाराला घेतात.

दुसरी अडचण डब्याची असते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. पृष्ठभागावर हवाबंद केलेल्या डब्याचे झाकण दहा सेंटिमीटर बाजूचे चौरस असेल, तर त्या खोलीवर बाहेरचे पाणी ते सुमारे १०० किलो वजनाइतक्या जोराने आत दाबते. वीस मीटरवर हा जोर दुप्पट होतो. म्हणजे असे झाकण खाली उघडतच नाही, आणि साधा प्लास्टिकचा डबा असेल तर तो चेपतो किंवा गळतो. शिवाय एक लिटरचा रिकामा डबा जवळजवळ एक किलोच्या जोराने वर ओढतो, म्हणून तो तळाशी राहण्यासाठी त्याहून अधिक शिसे लावावे लागते.

या भौतिकीतून दोन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत भोके पाडलेला, पाण्याने भरलेला डबा ठेवतात. त्यात जलरोधक कागद आणि पेन्सिल असते आणि नोंद तिथेच, खालीच केली जाते. दुसरीत हवाबंद डबा शिशापासून सोडवून वर नेतात, बोटीत किंवा काठावर सही करतात आणि पुन्हा खाली जाऊन तो जागेवर ठेवतात. नियमाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसऱ्या पद्धतीत डायव्हर सतत वर खेचणारी वस्तू हातात घेऊन वर चढतो, आणि तेही शेवटच्या दहा मीटरमध्ये, जिथे तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटमधली हवा सर्वाधिक वेगाने प्रसरण पावते आणि चढण्याचा वेग आवरणे सर्वांत कठीण असते. त्यानंतर लगेच पुन्हा खाली जायचे आणि पुन्हा वर यायचे. वारंवार वर-खाली करणे टाळावे, हे डायव्हिंगच्या पहिल्याच अभ्यासक्रमात शिकवले जाते. एका सहीसाठी ते करायला लावणारी रचना मुळातच चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर तिसरा मार्ग उपलब्ध होता. आभासी, म्हणजे व्हर्च्युअल, जिओकॅशमध्ये डबा नसतो. जागेवरची खूण पाहून प्रश्नाचे उत्तर द्यायचे किंवा छायाचित्र दाखवायचे, एवढेच. बुडालेल्या नौकेचा एखादा भाग मोजणे किंवा तळाशी बसवलेल्या पाटीवरचे शब्द टिपून घेणे डायव्हरला सहज जमते, आणि तळाशी नवे काही सोडावेही लागत नाही. मात्र २००५ मध्ये जिओकॅशच्या जगातील सर्वांत मोठ्या यादीच्या चालकांनी नवे आभासी जिओकॅश स्वीकारणे थांबवले. जमिनीवर त्यांची संख्या आणि सुमार दर्जा ही तक्रार खरी होती. पण त्या निर्णयाने डायव्हर्ससाठीचा सर्वांत सुरक्षित प्रकारही बंद झाला, आणि पाण्याखालच्या जागांसाठी वेगळा अपवाद ठेवला गेला नाही. २००९ मध्ये प्रत्यक्ष डब्यांसाठी सहीव्यतिरिक्त कोणतीही अट सक्तीची ठेवता येणार नाही, असेही ठरले. त्यामुळे सहीऐवजी तळाशी हातातल्या पाटीसह काढलेले छायाचित्र मागणे हा पर्यायही उरला नाही. निवडक सदस्यांना मिळून सुमारे ४,००० नवे आभासी जिओकॅश करण्याची मुभा २०१७ मध्ये देण्यात आली, परंतु ती व्यक्तींना होती, जागांना नव्हे.

याच काळात वारशाचा प्रश्नही पुढे आला. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांना संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००९ मध्ये अमलात आला. अवशेष जागच्या जागी राहू देणे हा पहिला पर्याय मानावा, ही त्याची भूमिका आहे. जुन्या नौकेच्या सांगाड्याला डबा आणि शिसे बांधणे या भूमिकेशी जुळत नाही. प्रवाळावर तर ते कुठेच करू नये.

डायव्हिंगच्या आवाक्याबाहेरही एक डबा आहे. अटलांटिकच्या तळाशी, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, उष्ण पाण्याच्या झऱ्यांपाशी तो पाणबुडीतून ठेवला गेला. त्याचा उल्लेख नेहमी होतो, पण मनोरंजनात्मक डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर असल्याने या प्रश्नांशी त्याचा संबंध नाही.

आज खरा गुंता आहे तो शोधणारा कोणाला म्हणायचे याचा. वहीत नाव असणे हीच कसोटी असेल, तर एक जण खाली जाऊन बोटीतल्या पाच जणांची नावे लिहू शकतो, आणि नियमाच्या अक्षराप्रमाणे सहाही जणांना तो डबा सापडलेला असतो. जागेपर्यंत पोहोचणे किती अवघड हे सांगणाऱ्या भूभाग-श्रेणीतला सर्वोच्च ५ हा आकडा बोट, दोर आणि स्कूबा या सर्वांना सारखाच लागू होत असल्याने त्यावरूनही काही कळत नाही. स्कूबासाठीचे वेगळे चिन्ह उपकरण सांगते, ते कोणी वापरले हे सांगत नाही. त्यामुळे कित्येक लपवणारे वर्णनातच लिहून ठेवतात की ज्यांनी तळ गाठला त्यांनीच नाव लिहावे. अर्थात ही विनंतीच राहते, कारण २००९ च्या निर्णयानंतर तिची सक्ती करता येत नाही.