कोरियन कल्चरल सेंटर की किंग सेजोंग इन्स्टिट्यूट?

कोरियन शिकायचं म्हटलं की ही दोन नावं हमखास कानावर पडतात, आणि बहुतेक जण ती एकाच संस्थेची समजतात. चूक त्यांची नाही. दोन्हींमागे कोरियाचं एकच खातं आहे, संस्कृती, क्रीडा व पर्यटन मंत्रालय. शिवाय आपल्याला सवय पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनाची: जर्मनचे वर्ग, सिनेमा, ग्रंथालय, परीक्षा, सगळं एका छपराखाली. कोरियाने ही कामं वाटून टाकली आहेत.

कल्चरल सेंटर म्हणजे सरळ सरकारी कार्यालय. पहिलं १९७९ मध्ये टोकियोत निघालं, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही. भारतातलं दिल्लीत, लाजपतनगरला, डिसेंबर २०१२ पासून. कारभार दूतावासाशी बांधलेला. काम म्हणाल तर देशाची ओळख करून देणं: चित्रप्रदर्शनं, तायक्वांदो, किमचीचं प्रात्यक्षिक, आणि पोरं वर्षभर जिची वाट बघतात ती के-पॉप स्पर्धा. (चेन्नईचं इन्को सेंटर या पंगतीतलं नव्हे. २००६ साली निघालेली ती ना-नफा संस्था आहे, सरकारी कचेरी नाही.)

सेजोंग इन्स्टिट्यूट ही मात्र निव्वळ शाळा. २००७ पासून त्या निघू लागल्या; २०१२ मध्ये त्या चालवायला वेगळं फाउंडेशन झालं. साधारण पद्धत अशी की जागा आणि व्यवस्थापन स्थानिक विद्यापीठाचं किंवा संस्थेचं, अभ्यासक्रम आणि ‘सेजोंग कोरियन’ पुस्तकं फाउंडेशनची. म्हणून दर्जा यजमानागणिक थोडा बदलतो, हे लक्षात घ्यावं. खरा घोळ होतो तो दिल्लीत, कारण तिथे कल्चरल सेंटरच्याच आत सेजोंगचे वर्ग भरतात. पाटी एक, संस्था दोन.

रांजणगाव-तळेगाव पट्ट्यातल्या कोरियन कंपन्यांत दुभाष्याची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून शिकणाऱ्यांनी आणखी एक बघावं. सेजोंगचं प्रमाणपत्र कोर्स पुरा केल्याचं असतं. ‘टोपिक’ ही कोरियन भाषा किती येते ते तपासणारी परीक्षा निराळी, ती कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था घेते. तिच्या पातळ्या ६, आणि निकाल फक्त २ वर्षं चालतो. तेव्हा परीक्षेला घाईने बसण्यापेक्षा नोकरीसाठी अर्ज कधी करायचा ते आधी ठरवा, आणि मग तारीख निवडा.