वर्कस्पेस, ऑनलाइन (प्रकल्पगटाची)

प्रकल्पावर काम करणाऱ्या गटाची कागदपत्रे, कामांची यादी, चर्चा आणि निर्णय इंटरनेटवर एकत्र ठेवण्यासाठी उभी केलेली सामाईक जागा. गटातले सगळे आपापल्या संगणकावरून किंवा फोनवरून एकाच प्रतीवर काम करतात. प्रत इकडून तिकडे पाठवावी लागत नाही. बोलताना कोणी तिला वर्कस्पेस म्हणते, कोणी नुसते ड्राइव्ह. नागपुरातल्या बऱ्याच गटांत ‘ग्रुपवर टाकलं ना भाऊ, पाहून घ्या’ एवढ्यावरच विषय संपतो. तो ग्रुप म्हणजे वर्कस्पेस नव्हे.

कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करून दाखवले. अडचण होती ती दोघांनी एकाच क्षणी बदल केले तर काय, याची. एलिस आणि गिब्ज या संगणक संशोधकांनी १९८९ मध्ये त्यावर तोड मांडली: प्रत्येक बदल ही एक क्रिया धरायची आणि आधीच्या क्रियेनुसार नंतरच्या क्रियेची जागा सरकवायची. एकाने ओळीच्या सुरुवातीला पाच अक्षरे घातली, तर दुसऱ्याची दहाव्या अक्षरावरची दुरुस्ती आपोआप पंधराव्यावर जाते. गूगल डॉक्स याच तत्त्वावर चालते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये कोणालाही पान बदलता येईल अशी पहिली विकी सुरू केली, आणि २००६ मध्ये गूगलने रायटली ही ब्राउझरमध्ये चालणारी लेखनसेवा विकत घेतली. स्लॅक, टीम्स, ट्रेलो, नोशन ही पुढची ॲप्स.

नागपुरात मिहान या उद्योगक्षेत्रातल्या आयटी कंपन्यांत रुजू होणाऱ्याला ही जागा पहिल्याच दिवशी तयार मिळते. लॉगिन, परवानग्या सगळे कंपनीचे. खरा प्रश्न आपली जागा आपणच उभी करणाऱ्यांचा असतो: धरमपेठेतले तिघांचे वास्तुविशारद कार्यालय, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ग्रुप, एखादी स्वयंसेवी संस्था. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद झाले की बैठक ऑनलाइन घ्यावी लागते, आणि तेव्हा कळते की मागच्या बैठकीत काय ठरले हे कुठेच लिहिलेले नाही.

समजा, शहरातल्या तलावांची पाहणी करणारा एक गट आहे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर. काठावर जाऊन फोटो काढायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे, नोंद करायची. सहाजण नागपुरात, नकाशे करणारी एकजण पुण्यात. पहिल्या आठवड्यात फोटो व्हॉट्सॲपवर येतात. तिथेच घात होतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते आणि त्याच्या पोटातली स्थळाची माहितीही निघून जाते. पुण्यातल्या ताईंच्या हाती येते नुसते जलपर्णीचे चित्र. ते फुटाळ्याच्या कोणत्या काठावरचे, हे सांगायला काहीच उरत नाही. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला किंवा थेट सामाईक फोल्डरमध्ये चढवला, तर अक्षांश-रेखांश शाबूत राहतात. गप्पांचा ग्रुप आणि कामाची जागा वेगळी का हवी, ते एवढ्यावरून कळावे.

उभारणीची सुरुवात सहसा ‘कोणते ॲप घ्यायचे’ इथून होते, ती तिथून होऊ नये. फुकट मिळणारे कोणतेही चालते. आधी ठरवायचे ते असे: कोणती गोष्ट कुठे राहील, आणि ती कोणाच्या मालकीची असेल.

मालकीचा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महागात पडणारा. गूगल ड्राइव्हवर वैयक्तिक खात्यातून तयार केलेली फाइल त्या माणसाची असते. इतरांना तिचा वापर तेवढा मिळतो. तो माणूस गेला, त्याचे खाते बंद झाले, की फाइलही गेली. विद्यार्थ्यांच्या गटांत हे फार होते, कारण कॉलेजने दिलेले खाते पदवीनंतर बंद होऊ शकते. पैसे भरून घेतलेल्या संस्थात्मक योजनेत शेअर्ड ड्राइव्ह मिळतो. त्यातल्या फाइली गटाच्या मालकीच्या असतात. तेवढे परवडत नसेल तर प्रकल्पासाठी वेगळे खाते काढतात, पण त्याचा पासवर्ड सगळ्यांना वाटणे हा उपाय नव्हे. ओटीपी एकाच्याच मोबाइलवर येतो आणि तो भाऊ नेमका काटोलला लग्नात असतो. सर्वांना आपापल्या खात्यातून प्रवेश द्यावा, मालक खात्याची किल्ली दोघांकडे असावी.

परवानग्या तीन पायऱ्यांच्या: पाहणे, टिप्पणी करणे, बदलणे. नव्या माणसाला सरसकट बदलण्याचा अधिकार देण्याची सवय सोडलेली बरी. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही सोय त्याहून धोक्याची, कारण लिंक पुढे जाते. पाहणीच्या तक्त्यात काठावरच्या रहिवाशांची नावे आणि फोन नंबर असतील, तर त्यांची संमती व गोपनीयता हाही गटाच्या जबाबदारीचा भाग आहे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. असा तक्ता वेगळ्या फोल्डरमध्ये, दोघा-तिघांपुरता ठेवतात.

फोल्डर कमी असावेत. तलावागणिक एक, एक हिशेबाचा, एक बैठकींचा. त्याच्या आत आणखी पाच थर नकोत. नावांत तारीख आधी आणि तीही वर्षापासून: ‘२०२५-०७-१२ फुटाळा पाणीनमुना’. म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ ही मालिका तर प्रत्येक कार्यालयात सापडते. ऑनलाइन फाइलला तिची गरजच नसते. जुन्या आवृत्त्या ‘व्हर्जन हिस्टरी’त पाहता येतात आणि कोणी काय बदलले तेही दिसते.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडथळा लागतो तो फॉन्टचा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर ऑनलाइन दस्तऐवजात चिकटवला की ‘अंबाझरी’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. कारण त्या जुन्या फॉन्टांत अक्षर देवनागरी नसतेच; रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरी चित्र बसवलेले असते. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःची जागा आहे. तेव्हा टंकलेखक कितीही जुने आणि सरावलेले असोत, वर्कस्पेसमध्ये फक्त युनिकोड, हा नियम पहिल्या दिवशी करावा. शोधपेटीत ‘सक्करदरा’ टाकल्यावर कागद सापडायचा असेल तर दुसरा मार्ग नाही.

कामांच्या यादीसाठी फळा वापरतात: ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ असे रकाने आणि त्यांत सरकणारी कार्डे. हा फळा मूळचा टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान, म्हणजे कामाची खूण करणाऱ्या, चिठ्ठ्यांवरून आलेला. अनुभवी गट यात ‘अडले’ असा चौथा रकाना घालतात आणि बैठकीत आधी तोच पाहतात. प्रत्येक कार्डावर एकच नाव हवे. दोन नावे घातली की दोघेही समजतात, दुसरा करतोय.

निर्णयांची वही हे वर्कस्पेसमधले सर्वांत साधे पान: तारीख, काय ठरले, कोणी सुचवले, का. चर्चा चॅटमध्ये होऊ द्यावी, पण ठरलेली ओळ त्याच दिवशी वहीत यावी. चॅट ही नोंद नसते. स्लॅकच्या फुकट योजनेत तर ९० दिवसांपूर्वीचा संवाद दिसतही नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत आणि दुकानांत पाणी शिरले. तळमजल्यावर संगणक असणाऱ्याला क्लाउडचे महत्त्व अशा वेळी वेगळे सांगावे लागत नाही. तरी सिंक, म्हणजे सगळीकडची प्रत आपोआप सारखी राहणे, हा बॅकअप, म्हणजे वेगळी राखीव प्रत, नव्हे. एकाने फोल्डर उडवला की तो सगळ्यांकडून उडतो. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तो ३० दिवस राहतो, पुढे मिळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सगळे उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतात, आणि डिस्क दुसऱ्याच्या घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर.

प्रकल्प संपला की जागाही बंद करावी लागते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अहवाल दिल्यावर सर्वांचे बदलण्याचे अधिकार काढून जागा फक्त वाचण्यापुरती करतात, सोडून गेलेल्यांची नावे वगळतात, रहिवाशांच्या फोन नंबरांचा तक्ता गरज संपल्यावर पुसतात. शेवटी पहिल्या पानावर एक ओळ लिहितात: मूळ फोटो कुठल्या डिस्कवर आहेत आणि ती डिस्क कोणाकडे आहे.