वेंगुर्ला रोडच्या टोकाला असलेलं बेट

बेळगावातून हिंडलग्याकडे निघालं की त्या रस्त्याला आजही सगळे वेंगुर्ला रोडच म्हणतात. सुळगा, उचगाव फाटा, बाची, शिनोळी असं करत तो महाराष्ट्रात शिरतो आणि चंदगडच्या बाजूने आंबोलीला पोचतो. बेळगावची माणसं "खाली जाऊन येऊया" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हाच रस्ता मनात असतो. खाली म्हणजे घाटाखाली, कोकणात. सुट्टी दोन दिवसांची असेल तर मालवण, आणि मालवण म्हटलं की होडीत बसून कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला.

आता पर्यटक या बेटावर काय बघतात, काय करतात याच्या याद्या ढिगाने मिळतात: होडी, तटावरची फेरी, तीन विहिरी, मंदिर, स्नॉर्कलिंग. पण यातली प्रत्येक गोष्ट तिथे का आहे, हे कळल्याशिवाय ती यादी कोरडीच राहते. आणि आपल्या सीमाभागाचं या किनाऱ्याशी नातं पर्यटनाच्या कितीतरी आधीचं आहे. ते नातं लेकरांना सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कुरटे हे मालवणच्या किनाऱ्यासमोरचं खडकाळ बेट. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात या बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली. 25 नोव्हेंबर 1664 ही तारीख. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, आणि समुद्रात परवाना काढल्याशिवाय व्यापारी गलबत हलू द्यायचं नाही ही पोर्तुगीजांची रीत. या दोघांच्या मध्ये स्वतःचं आरमारी ठाणं हवं होतं. महाराजांनी ज्या खडकाजवळ पूजा केली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे. गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग त्यावर कोरलेले आहेत. होडीच्या घाईत बहुतेकजण तो न बघताच धक्क्यावर जातात. माझं म्हणणं आहे की किल्ल्याची सुरुवात तिथूनच करावी, कारण किल्ल्याची खरी सुरुवातही तिथेच झाली.

मग होडी. धक्क्यापासून किल्ला समोर दिसतो, तरी होडी सरळ जात नाही. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, वळसे घेत नेतो, मध्येच वेग कमी करतो, एका बाजूला बोट दाखवून "थंय खडप आसा" म्हणतो. पाण्याखालचे हे खडक म्हणजे किल्ल्याचं पहिलं संरक्षण. मोठं परकं जहाज इथे आलं की तळ फुटायचाच. वाट ठाऊक फक्त इथल्या कोळ्यांना. बांधकामासाठी ही जागा पसंत पडली त्यामागे ही अवघड वाट हे मोठं कारण होतं. तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या कवेत तो असा लपवला आहे की समुद्रातून तोफ रोखायला सरळ रेषाच मिळू नये.

आत आलं की दरवाजाजवळच्या तटावर दोन छोट्या घुमट्या आहेत. एकीत हाताचा ठसा, दुसरीत पायाचा. ओल्या चुन्यात उमटलेले हे ठसे शिवरायांचे म्हणून पुजले जातात. लहानपणी मला वडिलांनी कडेवर उचलून तो हाताचा ठसा दाखवला होता. फुलं बाजूला सारल्यावर बोटांच्या पेरांमधली खोल जागा दिसली, तिथे कुंकू साठलं होतं. तट किती फूट उंच ते मला तेव्हा कळलं नाही, पण तो हात लक्षात राहिला.

तट मात्र नीट बघण्यासारखा आहे. बेट सुमारे 48 एकरांचं, आणि बेटाचा आकार जसा वळतो तशी भिंत वळते. सुमारे तीन किलोमीटर लांब, साधारण तीस फूट उंच, बारा फूट रुंद. सरळ रेषेत बांधणं सोपं होतं, पण नागमोडी भिंतीत प्रत्येक बाजू शेजारच्या बाजूच्या माऱ्याखाली येते. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. लाटांच्या माऱ्यात नुसता चुना टिकणार नाही, हे बांधणाऱ्यांनी ओळखलं होतं. हिरोजी इंदुलकरांचं नाव या बांधकामाशी जोडलेलं आहे. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. आज तटावरून फेरी मारताना पश्चिमेला लाटा जिथे आपटतात तिथे खाली वाकून बघा, साडेतीनशे वर्षांनंतरही ते दगड कसे बसलेत ते दिसेल.

आणि इथेच आपल्या बाजूचा एक धागा आहे. किल्ल्याचं काम चालू असतानाच, फेब्रुवारी 1665 मध्ये, महाराज मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेला निघाले. तीन मोठी जहाजं आणि पंच्याऐंशी लहान गलबतं. गोव्याला वळसा घालून ते थेट बसरूरला उतरले, म्हणजे आजच्या उडुपी जिल्ह्यात. परतताना गोकर्णाला महाबळेश्वराचं दर्शन घेतलं, अंकोला आणि कारवारमार्गे मागे आले. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची शिवरायांची ही समुद्री मोहीम आमच्याकडच्या पोरांना शाळेत क्वचितच कळते. कारवारच्या सहलीला जाताना तरी ती सांगावी.

किल्ल्याच्या मधोमध शिवराजेश्वराचं मंदिर आहे. राजाराम महाराजांच्या काळात ते उभं राहिलं. इथली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रातली नाही: दाढी नाही, वीरासनात बसलेली, डोक्यावरचं पागोटंही वेगळ्या घाटाचं, नावाड्याच्या टोपीची आठवण करून देणारं. सभामंडप करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, शाहू महाराजांनी बांधला. मालवणात कोल्हापूरचं नाव का, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर असं की मराठेशाहीच्या वाटणीनंतर सिंधुदुर्ग करवीरच्या गादीकडे होता. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नावही दिलं, पण करवीरच्या जिजाबाई राणीसाहेबांशी तह होऊन पुढच्याच वर्षी तो परत आला. कायमचा गेला तो 1812 च्या तहात.

त्याच 1812 साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला बंदर इंग्रजांच्या हाती गेलं. सहा वर्षांनी, एप्रिल 1818 मध्ये, इंग्रज सेनानी मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि तिथे छावणी वसली. आता छावणीला दारूगोळा, सामान, माणसं कुठून आणायची? बोटीने वेंगुर्ल्याला आणि तिथून घाट चढून. आधी रामघाट, मग आंबोलीचा रस्ता. आंबोली हे थंड हवेचं ठिकाण झालं ते या रस्त्यावरचा मुक्काम म्हणून. वेंगुर्ला रोडचं नाव या वाहतुकीतून आलं आहे.

पण गोऱ्या पलटणींच्या आधीपासून त्या घाटांतून बैल चालत होते. खालून मीठ, नारळ, सोलं, सुकी मासळी वर यायची. वरून गूळ, धान्य, मिरची खाली जायची. आमच्या घरी आजी सोलांच्या डब्याला "खालचा डबा" म्हणायची, आत दुसरं काही भरलं तरी त्याचं नाव बदललं नाही. बेळगावात मालवणी मसाला आणि सुक्याची चटणी परकी वाटत नाही, त्यामागे असे कितीतरी डबे आहेत.

एक गोष्ट मात्र उलट्या दिशेने वाहते. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी समुद्र इतका जवळ असूनही पूर्वेला वळते, संकेश्वरवरून हुक्केरी तालुक्यात येते आणि घटप्रभेला मिळते. आंबोलीत थांबलात तर हे पाणी आपल्याकडेच येतंय, एवढं ध्यानात असू द्या.

1880 च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे आली, मुरगाव बंदर जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच वेळी जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूरला जोडला गेला. त्यामुळे मधल्या चंदगडाच्या दोन्ही बाजूंच्या घरांत सोयरिकी आहेत आणि शिनोळीला राज्याची पाटी बदलते. त्या पाटीबद्दल आमच्या मनात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगतो की बाजाराने आणि देवदर्शनाने बांधलेली वाट पाटीने तुटली नाही.

बेटावर परत येऊ. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींजवळ गर्दी नेहमीच असते, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी कसं, हा प्रश्नही नेहमीचा. कोकणातला पाऊस बेटाच्या खडकात मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगत राहतं. बेताने उपसलं तरच ते टिकतं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांना ही शिस्त सांगावी लागत नाही. पाहुण्यांनी विहिरीत बाटल्या टाकू नयेत.

स्नॉर्कलिंग आणि स्कूबा ही गेल्या वीसेक वर्षांतली भर. पण पाण्याखालचं प्रवाळ त्याआधीपासून ओळखलं गेलं होतं. 1987 मध्येच मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची जागा आणि अभयारण्य एकमेकांवर येत होती. आता त्याच मच्छीमारांची मुलं पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जातात. प्रवाळावर पाय देऊन उभं राहिलं की ते मरतं, हे ती वारंवार सांगतात. त्यांचं ऐकावं. पहाटे रापण ओढताना बघायला मिळालं तर दोर धरून हातभार लावावा.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात सिंधुदुर्ग आहे. गर्दी वाढेल हे उघड आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. नारळी पौर्णिमेला मालवणात किल्ल्यावरून समुद्राला सोन्याचा नारळ अर्पण होतो, आणि त्यानंतर दर्याचा हंगाम पुन्हा सुरू झाला असं मानतात.

शेजारचा पद्मगड मात्र बहुतेकांचा राहून जातो. सिंधुदुर्ग आणि किनारा यांच्या मधलं हे छोटं बेट, ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून चालत गाठता येतं. त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला, तीनची पाऊणपट, भरती सव्वादोनच्या सुमाराला, म्हणजे साधारण सहा तासांनी पाणी सर्वांत खाली सकाळी सव्वाआठला. त्याआधी तासभर निघावं, वाट ठाऊक असलेलं स्थानिक माणूस बरोबर घ्यावं आणि पाणी चढायच्या आत परत यावं. बेळगावहून पहाटे निघून हे जमत नाही, आदल्या रात्री मुक्काम मालवणातच हवा.