लापस्काउस बुलेवार्ड : ब्रुकलिनच्या नॉर्वेजियन वस्तीची पार्श्वभूमी

अमेरिकेतले नॉर्वेजियन म्हटलं की मिनेसोटातली शेतं आठवतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सनसेट पार्क आणि बे रिज भागात वाढलेल्या नॉर्वेजियन मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या वस्तीचं मूळ गोदीत होतं.

४ जुलै १८२५ रोजी नॉर्वेच्या स्टाव्हांगर बंदरातून 'रेस्टोरासियोन' हे छोटं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागलं तेव्हा माणसं ५३ झाली होती. वाटेत एक मूल जन्मलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियनांनी देश सोडला. बहुतेक जण जमिनीच्या ओढीने पश्चिमेला गेले. खलाशी आणि जहाजांवरचे सुतार मात्र बंदराजवळच, ब्रुकलिनमध्ये राहिले.

खलाशी आजारी पडला तर त्याला पाहणारं कोण? या गरजेतून १८८३ मध्ये एलिझाबेथ फेड्डे ही सेवाव्रती परिचारिका नॉर्वेहून आली आणि तिच्या कामातून पुढे रुग्णालय उभं राहिलं. १८९१ मध्ये 'नॉर्डिस्क टिडेंडे' हे वर्तमानपत्र सुरू झालं. हळूहळू वस्ती दक्षिणेला सरकली आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूला 'लापस्काउस बुलेवार्ड' हे लाडकं नाव पडलं. लापस्काउस म्हणजे मांस, बटाटे, गाजरं एकत्र शिजवलेला दाट रस्सा. राजाचं किंवा सेनापतीचं नाव न देता रोजच्या जेवणाचं नाव रस्त्याला द्यावं, यात त्या वस्तीचा सगळा स्वभाव मला दिसतो.

वडील गोदीच्या बांधकामावर, आई कुणा श्रीमंताकडे घरकामाला, रविवारी लुथेरन चर्च, आणि १७ मे जवळ आला की मिरवणूक, हे इथल्या कितीतरी घरांचं चित्र. १८१४ साली त्या तारखेला नॉर्वेची राज्यघटना मंजूर झाली.

या मुलांना नॉर्वे नुसत्या आजीच्या आठवणींतून मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरही लिस्ता, क्विनेसदालसारख्या दक्षिण नॉर्वेतल्या भागांतून माणसं ब्रुकलिनला येत राहिली. बरेच जण काही वर्षं कमवून परत गेले, आणि ब्रुकलिनमध्ये जन्मलेली त्यांची मुलं नॉर्वेतल्या शाळेत जाऊन बसली. मला वाटतं, हे येणं-जाणं होतं म्हणूनच इथली भाषा इतकी टिकली.

मग चित्र पालटलं. ब्रुकलिनला स्टेटन आयलंडशी जोडणाऱ्या व्हेराझानो पुलाच्या रस्त्यांसाठी बे रिजमधली शेकडो घरं पाडली गेली. पूल १९६४ मध्ये खुला झाला. कंटेनरच्या जहाजांमुळे माल न्यू जर्सीकडे उतरू लागला. १९६९ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्र सापडलं आणि नॉर्वेतच सुबत्ता आली; घर सोडायचं कारण उरलं नाही. १९८० च्या दशकापासून आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर चिनी कुटुंबं आली.

बे रिजमधली १७ मेची मिरवणूक अजून निघते. आणि तिकडे लिस्तातल्या व्हान्से गावात दरवर्षी अमेरिकन महोत्सव भरतो.