अतिश्रीमंत माणूस सज्जन असू शकतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

हा वाद अब्जाधीशांच्या काळात सुरू झाला असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे सर्वांत रोखठोक उत्तर इ.स.पू. चौथ्या शतकातले आहे. प्लेटोने उतारवयात लिहिलेल्या ‘लॉज’ या संवादात म्हटले आहे की खूप श्रीमंत आणि खूप चांगला असा एकच माणूस असणे शक्य नाही. त्यामागचा त्याचा युक्तिवाद जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखा आहे. न्याय्य आणि अन्याय्य अशा दोन्ही मार्गांनी मिळवणाऱ्याची कमाई केवळ न्याय्य मार्गाने मिळवणाऱ्याच्या दुपटीहून जास्त होते. सत्कार्यावर खर्च करणाऱ्याचा खर्च मात्र, जो वाईटावरही घालवत नाही आणि चांगल्यावरही नाही, त्याच्या दुप्पट होतो. दुप्पट मिळवून निम्मे खर्चणारा श्रीमंत होणार हे उघड आहे. म्हणून प्लेटोने आपल्या कल्पनेतल्या नगरासाठी कमाल मर्यादाच घालून दिली: प्रत्येक कुटुंबाला मिळणाऱ्या मूळ वाट्याच्या चौपट. त्यावर जे काही साठेल ते नगराला आणि देवतांना अर्पण.

त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल एवढा कडक नव्हता. औदार्य हा सद्गुण आहे आणि तो आचरायला हातात पैसा लागतो, हे त्याला मान्य होते. पण खऱ्या उदार माणसाला श्रीमंत राहणे अवघड जाते, कारण त्याला साठवण्यापेक्षा देण्यात रस असतो, हेही त्याने नोंदवून ठेवले.

धर्मपरंपरांनी प्रश्नाचा रोख मिळकतीकडून बाळगण्याकडे वळवला. सुईच्या नेढ्यातून उंट जाईल पण श्रीमंताला देवाच्या राज्यात शिरणे कठीण, हे येशूचे वचन पुढे श्रीमंत अनुयायांना फार जड गेले. इ.स. 200च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट या ख्रिस्ती विचारवंताने त्यातून वाट काढून दिली: दोष संपत्तीत नसून आसक्तीत आहे, श्रीमंताने मन मोकळे केले की पुरे. चौथ्या शतकातल्या बेसिल या बिशपला ही सवलत मान्य नव्हती. तुझ्या कोठारातली भाकरी भुकेल्याची आहे आणि तुझ्या पेटीतले वस्त्र उघड्याचे, असे तो धनिकांना थेट सुनावत असे. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला हेच आणखी कठोर शब्दांत सांगतो. पोट भरण्यापुरत्यावरच माणसाचा हक्क. ‘अधिकं योऽभिमन्येत स स्तेनो दण्डमर्हति’, म्हणजे त्याहून जास्त आपले मानणारा चोर आहे, शिक्षेला पात्र आहे. बेसिल आणि भागवत यांच्या लेखी दान हे उपकार ठरत नाही, ती परतफेड ठरते. पुढचा सगळा इतिहास वाचताना हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

सतराव्या शतकात तुकोबांनी एका ओळीत सगळ्या अटी मांडल्या: ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥’ धन जोडावे, पण चोख व्यवहाराने. ते खर्चावे, आणि तेही अनासक्तपणे. मिळवणे, बाळगणे आणि देणे ही तिन्ही अंगे इथे एकत्र आहेत. तुकोबांच्या घरी सावकारी होती आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ऋणकोचे ऋण फेडणारी देणगी देणे आणि ते ऋणच पाण्यात सोडणे यांत अंतर आहे.

आधुनिक काळात या तिन्हींची फारकत झाली. त्याची सुरुवात दाखवायला एकच माणूस निवडायचा तर मी अँड्र्यू कार्नेगी निवडेन. 1889 मध्ये लिहिलेल्या निबंधात या पोलादसम्राटाने सांगितले की संपत्ती मोजक्या कर्तबगार हातांत एकवटणे समाजाच्या हिताचेच आहे, मात्र धनिकाने ती विश्वस्ताच्या भावनेने हयातीतच लोकहितासाठी वापरावी. श्रीमंत म्हणून मरणारा कलंकित होऊन मरतो. तीनच वर्षांनी, जुलै 1892 मध्ये, पेनसिल्वेनियातल्या होमस्टेड इथल्या त्याच्या कारखान्यात वेतनकपातीवरून टाळेबंदी झाली. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमध्ये होता. व्यवस्थापक हेन्री फ्रिकने पिंकर्टन या खासगी सुरक्षा एजन्सीचे सुमारे 300 सशस्त्र लोक नदीतून बार्जवर आणले. गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मेली, संघटना मोडली, बारा तासांच्या पाळ्या चालू राहिल्या. 1898 मध्ये तिथेच कार्नेगीच्या पैशाने भव्य ग्रंथालय उभे राहिले. बारा तास भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने तिथे वाचायला कधी जायचे, हा प्रश्न त्या इमारतीइतकाच त्याच्या दानाचा भाग आहे. 1901 मध्ये त्याने कंपनी 48 कोटी डॉलरना विकली आणि 1919 मध्ये मरेपर्यंत सुमारे 35 कोटी डॉलर वाटून टाकले. अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये त्यातून उभी राहिली. त्यांनी असंख्य लोकांचे भले केले, यात शंका नाही. पण ‘कसे दिले’ या प्रश्नाने ‘कसे मिळवले’ या प्रश्नाला बाजूला सारले, ते इथून पुढे.

ते सहजासहजी घडले नाही. 1905 मध्ये तेलसम्राट जॉन रॉकफेलरने एका अमेरिकन मिशनरी मंडळाला 1 लाख डॉलर दिले, तेव्हा वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने हा डागाळलेला पैसा परत करा अशी मागणी केली. मग उघड झाले की देणगी मंडळानेच मागितली होती. पुढे रॉकफेलरने आपल्या प्रतिष्ठानाला संघराज्याची सनद मिळावी म्हणून खटपट केली. संसदेने ती दिली नाही, तेव्हा 1913 मध्ये न्यूयॉर्क राज्याकडून ती घ्यावी लागली. वर्षभरातच, 20 एप्रिल 1914 रोजी, कोलोरॅडोत लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंना आग लागली आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला गेलेल्या 2 स्त्रिया व 11 मुले मेली. संप ज्या कोळसा कंपन्यांविरुद्ध होता, त्यांतली सर्वांत मोठी रॉकफेलरांच्या ताब्यात होती.

गांधीजींचा विश्वस्ताचा सिद्धान्त वरवर कार्नेगीसारखा दिसतो, पण त्याचे मूळ अपरिग्रहात आहे. धनिकाने गरजेपुरते घ्यावे, उरलेले समाजाचे म्हणून सांभाळावे. डॉ. आंबेडकरांनी 1945 मध्ये या कल्पनेवर कडाडून टीका केली. मालक वर्ग आपण होऊन गरिबांचा विश्वस्त होईल, हेच त्यांना हास्यास्पद वाटत होते. मला त्यांचा आक्षेप निर्णायक वाटतो: ज्याच्याकडून हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाच नाही, त्याला विश्वस्त म्हणता येत नाही.

1970च्या दशकात वाद विद्यापीठांत पोहोचला. तत्त्वज्ञ पीटर सिंगरने 1972 मध्ये युक्तिवाद केला की तितक्याच मोलाचे काही न गमावता एखादे मोठे अरिष्ट टाळता येत असेल, तर ते टाळणे कर्तव्यच आहे. त्याला दानधर्म म्हणून चालणार नाही. 1974 मध्ये रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने दुसरी बाजू तितक्याच ताकदीने मांडली. हजारो प्रेक्षकांनी आवडत्या खेळाडूसाठी आपखुशीने थोडे थोडे पैसे दिले आणि तो गडगंज झाला, तर त्यात अन्याय कोणता? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि सगळे श्रीमंत चोर असे म्हणणाऱ्यांनी तो टाळू नये. 2010 मध्ये बफे आणि गेट्स दांपत्याने अब्जाधीशांना निम्म्याहून अधिक संपत्ती देण्याची प्रतिज्ञा करण्याचे आवाहन केले. त्या प्रतिज्ञेला कायदेशीर बंधन नाही. अलीकडे तत्त्वज्ञ इंग्रिड रोबेन्स प्लेटोच्याच जागी परत आल्या आहेत. दानाचे प्रमाण बाजूला ठेवून त्या संपत्तीला कमाल मर्यादा मागतात. राजकीय मर्यादा म्हणून त्यांनी 1 कोटी डॉलर किंवा युरोचा आकडा सुचवला आहे.

प्लेटोला खोटे पाडणारे उदाहरण म्हणून चक फीनी यांचे नाव नेहमी पुढे येते. विमानतळांवरच्या शुल्कमुक्त दुकानांतून अब्जावधी मिळवलेल्या या माणसाने 8 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम, बराच काळ नाव गुप्त ठेवून, वाटली. शेवटी ते भाड्याच्या घरात राहत होते. 2020 मध्ये त्यांनी आपली दानसंस्था ठरल्याप्रमाणे बंद केली, 2023 मध्ये ते वारले. माझ्या मते त्यांनी प्लेटोला खोटे पाडले नाही. त्यांचा चांगुलपणा श्रीमंत न राहण्यातच होता. आणि मिळकतीचा प्रश्न त्यांच्याबाबतीतही उरतो: तो धंदा करमाफीवर उभा होता, आणि 1982 मध्ये सुरू झालेली ती दानसंस्था बर्म्युडात नोंदवलेली होती.