‘चेक’चे मूळ फारसी शहात

मुलुंडचा चेकनाका, चेक्सचा शर्ट, बँकेत भरलेला चेक आणि ‘एकदा चेक करून घे’ यातला चेक. इंग्रजीत याची स्पेलिंगे दोन आणि अर्थ डझनावारी, पण घराणे एकच. आणि तेही इंग्रजांचे नाही. मूळ शब्द फारसी ‘शाह’, म्हणजे राजा.

भारतातला चतुरंग इराणात गेला. तिथे समोरच्याचा राजा माऱ्यात आला की ‘शाह’ म्हणून बजावायची रीत होती. मराठीने हा शब्द फारसीतून घेतला: आपण पटावर शह देतो, मात करतो, आणि शह-काटशहाविना आपल्या राजकारणाच्या बातम्या पुऱ्या होत नाहीत. युरोपात तो अरबांमार्फत पोचला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘एस्चेक’ झाला आणि इंग्रजीत शिरताना पुढचा ‘एस्’ गळून ‘चेक’ उरला. ‘चेस’ हे खेळाचे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले आहे.

इथवर सगळा खेळच होता. पैशाशी गाठ पडली ती बाराव्या शतकातल्या इंग्लंडात. राजाचा महसूल गोळा करणारे शेरिफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर, हिशेब द्यायला येत. त्यासाठी सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद मेज असे. पैसे किंवा सोंगट्या घरंगळून पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंच काठ. वर काळे कापड, त्यावर वीत-पावलाच्या अंतराने रेघा. उजवीकडून पेनी, शिलिंग, पौंड, मग विसा, शेकडा, हजार असे रकाने. वरच्या ओळीत सोंगट्यांनी येणे मांडायचे, खाली शेरिफने भरलेली रक्कम, आणि मग वजाबाकी. रोमन आकड्यांत अशी वजाबाकी करून पाहा, म्हणजे त्या कापडाची किंमत कळेल. रिकाम्या रकान्याने शून्याचे काम भागत होते, आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही आपल्याकडे किती निघतात ते समोर दिसत होते.

मेज पटासारखे, म्हणून कचेरीचे नाव ‘एक्सचेकर’. तिथलाच खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकात गुरु-शिष्य संवादाच्या रूपात या कचेरीचे कामकाज लिहून ठेवले आहे. पटावर दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरिफ यांची, असे तो म्हणतो. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो. म्हणजे अक्षरशः पटाचा चॅन्सेलर! चौकटींच्या कापडाला चेक्स म्हणतात तेही पटावरूनच.

बाकीचे अर्थ शह देण्यातून फुटले. शह बसला की राजाची चाल अडते. म्हणून चेक म्हणजे अडवणूक, मग लगाम. अमेरिकी राज्यघटनेच्या संदर्भात ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात त्यात तपासणी नाही, हाच लगाम आहे. त्याचे भाषांतर करताना पुष्कळदा गफलत होते. तपासण्याचा अर्थ खूप उशिराचा, सतराव्या शतकातला: गैरव्यवहाराला लगाम घालायचा तर पडताळणी करावी लागते.

बँकेचा चेक त्याच वळणावरचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे हुंडीसारख्या कागदाचे स्थळप्रत म्हणून ठेवलेले अर्धुक. रकमेत कुणी खाडाखोड केली तर ते जुळवून पाहता येई. पुढे हे नाव अर्धुकावरून खुद्द कागदावर गेले. ‘क्यू’चे स्पेलिंग (check ऐवजी cheque) एक्सचेकरच्या (exchequer) प्रभावाने आले. जेम्स गिलबार्ट या बँकरने १८२०च्या दशकात ते मुद्दाम वापरले, कारण त्याने अर्थाचा गोंधळ टळतो आणि ते एक्सचेकरशी जुळते. अमेरिकेने जुनेच ठेवले. आपल्याकडे १८८१च्या पराक्राम्य संलेख कायद्यात ‘क्यू’चे आहे.

देवनागरीत हा प्रश्नच उरत नाही. मात्र चेक प्रजासत्ताकाला या घराण्यात ओढू नये. ते एका स्लाव्ह लोकसमूहाचे नाव आहे, शहाशी त्याचे काही नाते नाही.