काळ बदलणारी गोष्ट आणि काळ पूर्ण करणारी गोष्ट

सुट्टीत भाची राहायला आली होती. एका दिवशी तिने 'बॅक टू द फ्युचर' पाहिला, दुसऱ्या दिवशी 'हॅरी पॉटर'चा तिसरा भाग, अझ्काबानच्या कैद्याचा. जेवताना तिने विचारलं, "मावशी, हॅरी मागे जाऊन एवढी उलथापालथ करतो, मग मार्टीसारखा तो पुसट का होत नाही?"

प्रश्न एकदम नेमका होता. दोन्हीकडे शाळकरी पोरं भूतकाळात जातात, दोन्हीकडे घड्याळाशी शर्यत असते, दोन्हीकडे शेवटी जीव वाचतो. त्यामुळे आपण दोघांना 'टाइम ट्रॅव्हल' असं एकच लेबल लावून मोकळे होतो. पण या दोन सिनेमांतला काळ वेगवेगळ्या नियमांनी चालतो. एकाचे नियम दुसऱ्याला लावले की गोष्ट खोटी वाटायला लागते, आणि मुलांना ते मोठ्यांच्या आधी खटकतं.

आधी मार्टी. 1985 साली आलेला रॉबर्ट झेमेकिसचा हा सिनेमा. सतरा वर्षांचा मार्टी, त्याचा शास्त्रज्ञ मित्र डॉक ब्राऊनने कालयंत्र बनवलेल्या डिलोरिअन गाडीतून 26 ऑक्टोबर 1985 वरून थेट 5 नोव्हेंबर 1955 ला पोचतो. गाव तेच, हिल व्हॅली, पण आईवडील अजून शाळेत. मूळ घटना अशी होती की वडील आजोबांच्या गाडीखाली आले, आईने त्यांची शुश्रूषा केली आणि त्यातून प्रेम जमलं. मार्टी ऐन वेळी वडिलांना ढकलून बाजूला करतो आणि स्वतः धडक खातो. आता आईचं मन बसतं ते मार्टीवर! इथून सगळी गंमत सुरू होते आणि सगळी भीतीही.

ती भीती दाखवायला सिनेमाने एक साधी वस्तू वापरली आहे. मार्टीच्या पाकिटात तिघा भावंडांचा फोटो असतो. आधी मोठ्या भावाचं डोकं त्यातून नाहीसं होतं, मग हळूहळू तो सगळाच जातो. मग बहीण. शेवटी शाळेच्या नाचाच्या रात्री गिटार वाजवता वाजवता मार्टीचा स्वतःचा हात आरपार दिसायला लागतो. काळ म्हणजे ओली माती, बोट लावलं की ठसा उमटणार, हे सहा वर्षांच्या मुलालाही त्या फोटोवरून कळतं. समजावून सांगायला कुणी लागत नाही.

आणि ठसा खरोखरच उमटतो. मार्टी परत येतो तेव्हा भित्रे वडील ताठ मानेने वावरत असतात, त्यांचं पुस्तक छापून आलेलं असतं, आणि त्यांना आयुष्यभर छळणारा बिफ त्यांच्याच गाडीला पॉलिश करत असतो. एक खूण तर बहुतेकांच्या नजरेतून निसटते. सुरुवातीला मॉलच्या पाटीवर 'ट्विन पाइन्स' असं नाव असतं, म्हणजे जोडझाडं. 1955 मध्ये एका शेतकऱ्याच्या आवारातून पळताना मार्टीच्या गाडीखाली दोनांतलं एक झाड जातं. परतल्यावर त्याच पाटीवर 'लोन पाइन' असतं. त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही.

या प्रकारात मूल चूक करतं आणि निस्तरतं. जीव टांगणीला लागतो कारण बिघडायला खूप काही असतं. मला मात्र दर वेळी एक गोष्ट टोचते: परत आलेल्या मार्टीला या नव्या घरातलं बालपण आठवतच नाही. त्याच्या भावंडांकडे ज्या आठवणी आहेत त्या त्याच्याकडे नाहीत. सिनेमा तिथून पटकन पुढे सरकतो. मी तिथेच थोडी रेंगाळते.

आता हॅरी. अल्फोन्सो क्वारोनचा 2004 चा सिनेमा. हॅरीची मैत्रीण हर्मायनी, तिच्या गळ्यात साखळीला एक इवलंसं वाळूचं घड्याळ असतं, फिरवलं की काळात मागे नेणारं. एका वेळी दोन-दोन वर्गांना बसता यावं म्हणून ते तिला प्राध्यापक मॅकगोनागल यांच्याकडून मिळालेलं. मुख्याध्यापक डंबलडोर सुचवतात, तीन वेढे पुरतील. तीन वेढे, म्हणजे तीन तास मागे.

आता सावकाश पाहू, कारण खरी कारागिरी इथे आहे. पहिल्यांदा आपण शाळेचा रखवालदार हॅग्रिडच्या झोपडीत असतो. त्याचा लाडका बकबीक, अर्धा गरुड अर्धा घोडा असलेला प्राणी, त्याला त्या संध्याकाळी मारायचं ठरलेलं असतं. खिडकीतून एक दगड येतो आणि बरणी फुटते. दुसरा दगड हॅरीच्या डोक्याला लागतो. 'आई गं' म्हणत तो मागे वळतो, म्हणूनच मुलांना उतारावरून येणारे मंत्री आणि जल्लाद दिसतात आणि ती वेळेत सटकतात. थोड्या वेळाने लांबून कुऱ्हाडीचा घाव ऐकू येतो. बकबीक मेला म्हणून मुलं एकमेकांना मिठी मारून रडतात.

मग घड्याळ फिरतं आणि तीच संध्याकाळ आपण भोपळ्यांच्या मळ्यातून बघतो. आतली मुलं हलत का नाहीत म्हणून हर्मायनी कासावीस होते. तिला बरणी आठवते, आणि ती दगड उचलते. तो दगड तिचाच होता. बकबीकला दोघं ओढत झाडीत नेतात, आणि हात चोळत राहिलेला जल्लाद रागाच्या भरात कुऱ्हाड घालतो ती एका भोपळ्यावर. कानांनी ऐकलं ते खरं होतं, मनाने लावलेला अर्थ चुकला होता.

तळ्याकाठीही तेच. पलीकडच्या काठावरून कुणीतरी मंत्राने तेजस्वी हरणाला बोलावून जीव शोषणाऱ्या डिमेंटरांपासून आपल्याला वाचवलं, ते आपले बाबाच असणार, असं हॅरीला वाटत असतं. दुसऱ्या फेरीत तो पलीकडच्या काठावर उभा राहून बाबांची वाट बघतो. कुणी येत नाही. समोर स्वतःचाच जीव जायची वेळ येते, तेव्हा तो छडी उचलतो. पूर्वी इतक्या ताकदीने कधी न जमलेला मंत्र त्याला जमतो, कारण आपण हे आधीच केलं आहे हे त्याला ठाऊक असतं. आई नाही, बाप नाही अशा मुलाला हे असं कळावं, याने मला अजून भरून येतं.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हे: हॅरीने काही बदललंच नाही. बकबीक मेलाच नव्हता. ती संध्याकाळ एकदाच घडली, तिच्यात दोन हॅरी होते आणि आपल्याला आधी एकच दिसला. पुसट व्हायला काही कारणच नाही. पुस्तकात हर्मायनी बजावते की कुणाच्या नजरेस पडायचं नाही, चेटके-जादूगारांनी गोंधळून स्वतःलाच मारून टाकल्याची उदाहरणं आहेत. तेवढ्यापुरता मार्टीचा नियम डोकावून जातो, पण या तीन तासांत जे घडतं त्याचं वर्तुळ पूर्ण मिटतं.

ओळखायची खूण सोपी आहे. पात्रं मागे जाण्याआधीच त्यांच्या मागे जाण्याचा पुरावा पडद्यावर येऊन गेला होता का? येऊन गेला असेल तर वर्तुळ. परतल्यावर पाटीवरचं नाव वेगळं असेल तर ओली माती. भौतिकशास्त्रातही वर्तुळाच्या बाजूचा विचार आहे. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांनी मांडलं की कालप्रवास शक्य असलाच तर विसंगती निर्माण करणाऱ्या घटना घडूच शकणार नाहीत.

मुलांच्या गोष्टींत हे वर्तुळ फार जुनं आहे. ईडिथ नेस्बिट यांच्या 1906 च्या ताइताच्या कादंबरीत लंडनची चार भावंडं ज्युलियस सीझरला भेटतात, आमच्या देशावर चाल करून येऊ नका म्हणून विनवायला. बोलता बोलता देशाचं इतकं कौतुक करून बसतात की जाऊ नये असं जवळपास ठरवलेला सीझर निघायचं ठरवतो! 1989 च्या 'बिल अँड टेड'मध्ये तर पोरं म्हणतात, इतिहासाचं सादरीकरण संपलं की दोन दिवस मागे जाऊन बाबांच्या चाव्या पळवू आणि या पाटीमागे ठेवू. पाटीमागे हात घालतात तर चाव्या तिथेच. बाबांच्या चाव्या दोन दिवसांपूर्वी का हरवल्या, ते आपल्याला आत्ता कळतं.

बॅक टू द फ्युचरही पूर्ण सोवळा नाही. नाचाच्या रात्री मार्टी चक बेरीचं 1958 सालचं गाणं वाजवतो आणि बँडवाला फोन करून ते थेट चक बेरीला ऐकवतो. मग ते गाणं मुळात सुचलं कुणाला? ओल्या मातीच्या सिनेमात हे एक वर्तुळ येऊन बसलंय.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेलाही कालप्रवास म्हटलं जातं. पण गंगाधरपंत 1761 मध्ये जातच नाहीत. ते आपल्याच काळातल्या, पण वेगळ्या मुंबईत पोचतात, जिथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे जिंकले. पानिपताचा निकाल त्यांनी बदललेला नाही. तो निकाल लागलेलं जग शेजारी होतंच. ही समांतर जगाची कथा, तिला तिसरा कप्पा हवा.

हे सगळं ऐकून भाचीने हॅरीचा सिनेमा पुन्हा लावला आणि बरणी फुटली तिथे थांबवला. खिडकीबाहेर कुणी दिसतं का ते तिला बघायचं होतं. मग मार्टीचा लावायला सांगितला, मॉलच्या पाटीवरची झाडं मोजायला.